डावा डोळा

बस धुता धुताच ती बस चालवायला शिकली. धुतलेल्या गाड्या डेपोच्या आवारात रांगेने लावायचं काम तिचंच. आरशांत बघत ती दोन बसच्या मधे तिसरी अशी सरकवायची, की जुने ड्रायव्हरही तोंडात बोट घालायचे. चालकांच्या जागा निघाल्या तेव्हा मुकादमानेच तिच्या मागे लागून तिला परीक्षेला बसवलं. रस्त्यावर गाडी चालवून दाखवली, तर परीक्षक म्हणाला, "बाई, हात चांगलाच बसलाय तुमचा." राहिली होती फक्त डोळ्यांची तपासणी.

डॉक्टरीणबाईंनी तिचा उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं विरघळली. एक डोळा झाकून बघायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"चष्मा द्या की मग."

"त्याने भागलं असतं तर दिला असता. हा डोळा लहानपणापासून अधू आहे. मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलंय. शाळेत घालतानाच चष्मा लावला असता, तर आज चालक झाला असतात. आता फार उशीर झाला."

घरी आल्या आल्या ती आईवर उखडली. "लहानपणी माझ्या हातून पाणी सांडायचं, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? दाराला धडकायचीस, कपबशा फोडायचीस. धांदरट कुठली!"

"धांदरट नव्हते. मला नीट दिसत नव्हतं, आई!"

आई हळूच म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, पोरीचे डोळे दाखवून आणा म्हणून. पण दवाखाना म्हणजे कामाचा खाडा. ताप नाही, दुखणं नाही. खाडा केला तर तुम्हाला खायला काय घालणार होते?"

तिला कडाकडा भांडायचं होतं. पण स्वतःच अर्धपोटी राहिलेल्या बाईशी भांडणार तरी किती? ज्याच्याशी भांडावं असं दुसरं कुणी समोर नव्हतं, म्हणून तर जास्तच चीड येत होती.

जागा मुकादमाच्या भाच्याला मिळाली. गाडी मागे कशी घ्यायची, ते त्याला तिनेच शिकवलं होतं. साहेबांनी तिला गोडीत सांगितलं, "तिकीट खिडकी देतो तुम्हाला. बसून काम."

"बसूनच करायचं होतं, साहेब. पण स्टिअरिंगसमोर."

तिकीट खिडकी तिने घेतली. घर चालवायचं होतं. खिडकीवर जायच्या आदल्या दिवशी भाचा आवारात बस मागे घेत होता. "ताई, मागे जरा बघ ना, येऊ का?"

"आरसे कशाला दिलेत? तोंड बघायला?" ती करवादली. तेवढ्यात बसचं ढुंगण खांबावर जायला लागलं. तिने पत्र्यावर थाडकन हात मारला. "थांब! उतर खाली."

तो मुकाट्याने उतरला. आवारात चालवायला डोळ्यांचा दाखला कुणी मागत नव्हतं. ती चढली, गाडी जराशी पुढे घेतली आणि एका दमात जागेवर नेऊन लावली.

"तुला ठेवायला हवं होतं गं त्यांनी," भाचा ओशाळून म्हणाला.

"हे मला काय सांगतोस?" किल्ली त्याच्या हातावर आपटून ती तरातरा निघून गेली.