ट्रक विकून आणलेला आवाज

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या वेंडेलने आपला ट्रक विकला आणि दिवंगत क्लीव्हलंडची साठ वर्षं जुनी बास गिटार क्लीव्हलंडच्या बायकोकडून घेतली. चर्चमध्ये क्लीव्हलंड ती वाजवायचा तेव्हा एकेक स्वर दारावर थाप पडावी तसा जाड आणि मोजका यायचा. तो आवाज आता आपला झाला, या आनंदात वेंडेलने शनिवारभर बास पुसली. तारांखाली कसलासा काळा, कुजका लगदा अडकला होता, तोही खरवडून टाकला.

रविवारी चर्चमध्ये पहिलाच स्वर घणघणत राहिला. दुसरा त्यात मिसळला, आणि तिसऱ्या स्वराला गाणाऱ्या बायकांनी माना वळवून पाहिलं. बास तीच, तारा त्याच. वेंडेलला काही उमजेना. घरी येऊन त्याने क्लीव्हलंडच्या बायकोला फोन लावला.

"अरे बाळा, तो माझा भांडी घासायचा स्पंज," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. "तारांनी फार बडबडू नये म्हणून तो खाली कोंबायचा. कुजला की माझ्या सिंकवरचा नवा उचलायचा. जन्मभर भांडले मी त्यावरून."

वेंडेलने आपल्या घरच्या सिंकवरचा स्पंज कापला, तारांखाली कोंबला आणि एक स्वर वाजवला. हुबेहूब क्लीव्हलंडचा.

त्याची बायको लोरेटा ओल्या हातांनी दारात उभी होती. "आवाज माझ्या स्पंजात होता, तर मग ट्रक विकून आणलंस काय?"

उत्तर म्हणून वेंडेलने पुन्हा तार छेडली. स्वर उमटला, आणि पुढे काय बोलावं ते न सुचल्यासारखा तिथेच थांबला.