टीव्हीले कुंकू

पंच्याऐंशी साली टीव्ही बनवणाऱ्या एका कंपनीनं लकडगंजमधल्या आमच्या मंडळाला टीव्ही फुकट दिला. अध्यक्ष नत्थूजींनी नारळ फोडून त्याला कुंकू लावलं.

“निवडणुकीच्या तोंडावरच काहून देऊन राहिले, नत्थूजी?” मी विचारलं.

“कंपनी धंदा करते गा! तिले राजकारणाशी काय करायचं?”

हा भाबडेपणा ऐकून माझं डोकंच फिरलं.

निकालाच्या दिवशी अख्खी गल्ली त्याच टीव्हीसमोर बसली. आमचे आमदारसाहेब पडल्याची बातमी आली आणि बातम्या संपायच्या आत कंपनीची जीप दारात! दोघांनी वायर उपटून कुंकवासकट टीव्ही उचलला.

नत्थूजी दारात आडवे उभे राहिले. “अरे, हा मंडळाले दिला होता ना?”

“साहेब पडले ना गा,” ड्रायव्हर म्हणाला. “आता तुम्हाले कायले पाहिजे टीव्ही?”