खोलीवर कोण?

…सोंड म्हणजे नुसतं एक टोक आत दुमडून पिळलेलं, ते कळलं, पण कान? कान उभे कसे राहिले असतील, टॉवेलला तर कांजीचा पत्ता नाही — पलंगाच्या कडेला बसून तिने तो टॉवेलचा हत्ती एका बोटाने हलकेच दाबून पाहिला. खोली आवरणारा माणूस रोज, ही दोघं नाश्त्याला गेली की, असं एखादं जनावर घडवून ठेवून जायचा. आधी माकड झालं, मग कासव झालं, आणि दोन्ही तिने उलगडून पाहिली होती, घडी कुठून सुरू झाली ते कळेपर्यंत तिला चैन पडलं नव्हतं. सगळा जन्म लोकांच्या कपड्यांच्या घड्या घालण्यात गेला, आणि इथे भर समुद्रात कुणी आपल्यासाठी घडी घालतंय, तर बाईने मुकाट्याने बघून कौतुक करावं की नाही! पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आज मात्र तिने हत्ती तसाच राहू दिला. आज तिला दुसरं काम होतं. आज नवऱ्याला बरोबर घेऊन खाली उतरायचं होतं — बरोबर म्हणजे एका वेळी, एका जिन्याने, शेजारी शेजारी.

तो गॅलरीत उभा होता, कठड्यावर दोन्ही हात ठेवून, दुकानाच्या फळीवर ठेवायचा तसे. जहाज धक्क्याला लागत होतं. समोर उतारावर चढत गेलेली पांढरी-पिवळी घरं, खाली होड्या, आणि सकाळीच तापलेलं, अंगाला चिकटणारं ऊन. मागे न वळताच त्याने विचारलं, आज आधी कोण, तू जातेस की मी जाऊ? अगदी साध्या आवाजात. जेवायला आधी कोण, असं विचारावं तसं.

आणि यात त्याचा तरी काय दोष… लाँड्री सासऱ्यांची. त्यांचा एकच दंडक होता — दुकान पोरकं सोडायचं नाही. लोकांचे कपडे म्हणजे लोकांची अब्रू आपल्या हवाली. दोघांतलं कुणीही पायरी उतरलं की आतून त्यांचा प्रश्न यायचा, "दुकानावर कोण?" सासरे गेले, प्रश्न राहिला. दुपारी ती डबा घेऊन जायची, तो उठायचा, ती बसायची, आणि मधल्या त्या थोड्याशा वेळात, इस्त्रीच्या वाफेत उभं राहून, तो तिला सगळं सांगायचा — डॉक्टरीणबाईंचा कोट आज द्यायचाय, निळ्या शर्टावरचा डाग तेलाचा नाही, रंगाचा आहे, आणि हो, सकाळी एक माणूस डोक्यावर भला मोठा आरसा घेऊन चालला होता, सगळं आभाळ हलत होतं त्यात. मग तो निघायचा, कोपऱ्यावर वळताना थांबायचा, मागे बघायचा. ती फळीमागून हात वर करायची. तोही करायचा. संध्याकाळी हेच उलटं. असा संसार केला त्यांनी. चांगला केला. लेकीच्या लग्नालाही सकाळी ती होती आणि संध्याकाळी तो, आणि फोटो आले तेव्हा एकाही फोटोत आई-बाप एकत्र नव्हते. लेक तेव्हा काही बोलली नाही. आता दुकान विकलं, तिथे कुणी मोबाइल विकतो, तेव्हा तिने या सफरीची तिकिटं आईच्या हातात कोंबली आणि म्हणाली, एकदा तरी एका फोटोत या.

आणि आपण काय केलं? पहिलं बंदर आलं तेव्हा तो म्हणाला, तू जाऊन ये, मी आहे इथे. ती गेली. धक्क्याच्या टोकाला वळताना मागे पाहिलं, गॅलरीतून त्याने हात केला, तिने केला. परत येऊन तिने त्याला लिंबाच्या रंगाची गल्ली सांगितली, वेताच्या खुर्च्या विणणारी म्हातारी सांगितली, मग दुपारी तो उतरला आणि येऊन त्याने तिला दीपगृह सांगितलं. दुसऱ्या बंदरात आधी तो, मग ती. यात काही चुकतंय हे दोघांच्या डोक्यातही आलं नाही! जेवणाच्या टेबलावर त्यांच्याबरोबर एक निवृत्त नर्स बसायची, मोकळ्या तोंडाची बाई. काल रात्री तिला हे कळलं तेव्हा तिने काटा खाली ठेवला आणि विचारलं, का हो, खोली कुठे पळून जाणार आहे का? सगळं टेबल हसलं. तो हसला. हीपण हसली, पण तोंडातला घास फिरत राहिला, आणि अंथरुणावर पडल्यावर तिला एकदम लख्ख कळलं की आपण या माणसाबरोबर कधी रस्त्याने चाललेलोच नाही. आजचं बंदर शेवटचं. उद्यापासून नुसतं पाणी, मग घर, आणि घरात राखायला तर आता काहीच नाही. मग आपण काय करणार आहोत, एकमेकांना राखत बसणार?

"आज आधी कुणी नाही," ती म्हणाली. "आज दोघांनी जायचं."

तो वळला. मग सुरू झालं — कागदपत्रं आहेत कपाटात, तुझ्या बांगड्या आहेत, ऊन फार आहे, गुडघा निघाल्यापासून कुरकुरतोय. बांगड्या तिने हात वर करून दाखवल्या, हातातच होत्या. कागदपत्रांसाठी कपाटात लोखंडी कप्पा होता आणि त्याचा आकडा त्यानेच लावला होता. गुडघा पहिल्या बंदरात दीपगृहाच्या पायऱ्या चढून आला होता, तेव्हा नाही कुरकुरला तो! ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे, असं ती म्हणाली, रागाने नव्हे, पण मागे हटायचं नाही अशा आवाजात. नाही यायचं तर नाही म्हणा. पण मग मीही जाणार नाही. बसू दोघं इथे, हत्तीकडे बघत.

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याने नुसत्या हाताने विजारीवरची इस्त्रीची घडी सारखी केली, वरून खाली, वरून खाली.

"दोघांनी एकच बघितलं," तो म्हणाला, "तर आल्यावर एकमेकांना सांगायचं काय गं?"

…हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. आळस धरला होता, सवय धरली होती, सासऱ्यांचा धाक धरला होता. पण हा माणूस घाबरला होता, आणि ज्याला घाबरला होता ते खरंच होतं. पहिल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर आरामखुर्च्यांत दोघं बसले होते, समोर सूर्य बुडत होता, एवढा मोठा, एवढा लाल, आणि दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिला वाटलं होतं, हा रागावलाय. मग मनातल्या मनात कारणं शोधली होती, सापडली नव्हती. तर हे होतं. त्याने सूर्य पाहिला होता, तिनेही पाहिला होता, सांगायला काही उरलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि आडात खरंच काही नसेल तर? दुकान आणि आरसेवाला माणूस आणि डाग, एवढंच असेल तर? क्षणभर वाटलं, जाऊ दे, म्हणावं तुम्ही आधी जा, मी आहे. तो किती सुटल्यासारखा उठेल, आणि येऊन किती छान सांगेल…

नाही.

"नाही सुचलं तर गप्प राहू," ती म्हणाली. "गप्प चालता येतं की. उठा."

तिने चपला घातल्या. दाराशी भिंतीतल्या खाचेत खोलीची चावी होती, चावी कसली, खेळातल्या पत्त्यासारखा एक तुकडा. तो खाचेत असला तरच दिवे लागत. बंदरात आजवर तो तुकडा कधी निघाला नव्हता, कारण कुणीतरी आत असायचंच. तिने तो ओढून काढला. दिवे गेले, थंड हवेची घरघर थांबली, आणि मागे खोली एकदम मुकी झाली. तो उंबऱ्यात थबकला, मागे बघत. तिने दार ओढून घेतलं आणि चावी त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली.

धक्क्यावर आल्यावर पहिली अडचण ही, की कुणी कुठल्या बाजूने चालायचं. ती डावीकडे सरकली तर तोही डावीकडे, खांद्याला खांदा आपटला, दोघांनी एकमेकांना परक्यासारखं सॉरी म्हटलं. मग तो पुढे निघाला, भराभर, गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला निघाल्यासारखा. हळू, ती म्हणाली. तो थांबला. पुन्हा निघाले. तिने तिरक्या नजरेने पाहिलं — ही कॉलर आज पहाटे आपणच दाबली, अशा किती दाबल्या, सगळ्या फळीवर सपाट. मानेवर, उन्हात, बाजूने ती अशी दिसते होय? मानेवर मागे एक तीळ होता. तीळ ठाऊक होता, पण उन्हात नव्हता पाहिला. हे सांगावं का? तीळ तर त्याला दिसणारही नाही… तिने ओठ उघडले आणि मिटले. होडीत एक मांजर जाळ्यावर झोपलं होतं. त्याने ते पाहिलं. तिने पाहिलं. पाय थांबवायचे नाहीत एवढं तिने पक्कं धरलं होतं.

धक्का संपला, रस्ता वर वळला, आणि वळताना ती थांबली, मागे वळली. जहाज पांढरं, भिंतीसारखं उभं. सारख्या गॅलऱ्यांच्या रांगा. आपली कुठली ते तिला लगेच कळलं, कारण कठड्यावर त्याचा धुतलेला रुमाल वाळत होता. तिचा हात वर गेला होता. शेजारी पाहिलं तर त्याचाही.

दोघं तसेच उभे राहिले, रिकाम्या गॅलरीला हात करत.

"कुणी नाही तिथे," तो म्हणाला. हळूच म्हणाला, तिला समजावावं की स्वतःला, हे त्यालाच ठाऊक नसल्यासारखं.

"नसू दे," ती म्हणाली.

समोर चढ होता, आणि चढावर पुढे काय बोलायचं ते अजून एका शब्दानेही सुचलं नव्हतं. हात अजून वरच होते. आधी कुणी खाली घ्यायचा, तेही कळत नव्हतं. तिने आपला हात खाली आणला, वाटेत त्याचा धरला, आणि चढ चढायला लागली.