वार पुरली त्या दिवशी

मी तोंडाची फटकळ, हे सोनगीरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारत होत्या आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती.

माझी मयुरी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि एकशे आठची गाडी दारात यायच्या आत ती घरातच मोकळी झाली. पोर एवढंसं, ओंजळीत मावेल असं. गाडी दोघांना घेऊन गेली. मी मागे राहिले, कारण पोरामागून पडलेली वार पुरायची होती. आमच्यात ती अशीतशी टाकून देत नाहीत. परसात खड्डा केला, हळद-कुंकू वाहिलं, माती लोटली आणि मग रिक्षा धरली.

दवाखान्यात बघते तर पोराला नळ्या लावलेल्या. श्वास घेतला की बरगड्यांखाली खड्डा पडायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वारेला सूज आली असावी, जंतू लागले असावेत. आता सूज पायाला येते, गालाला येते, वारेला कशी येते बाई? वर म्हणे, अशा सुजेनं कधी कधी फुप्फुसं लवकर तयार होतात, अन् कधी तीच सूज फुप्फुसं नासवते. म्हणजे ही सोयरी की वैरी? मला काही उमजेना.

वार असती तर तपासता आली असती, म्हणाल्या. ती तर मातीत गेलेली. मग त्यांनी मयुरीला विचारलं, पाणी कधीपासून जात होतं?

"काल संध्याकाळपासून," मयुरी म्हणाली, माझ्याकडे न बघता.

तिची सासू, आमच्या विहीणबाई, शेजारीच उभ्या होत्या. पोरगी मला झाकत होती. तीन दिवसांपूर्वी ती म्हणाली होती, आई, कपडे ओले होतात, अंगही कणकणतंय. मी म्हटलं, काही नही व्हस, लघवी सुटत असेल. काढा पाजला अन् निजवलं. मोठी शहाणी मी! खरं सांगितलं तर विहीणबाई मला जन्मभर सोडणार नव्हत्या. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण आत पोर धापा टाकत होतं, अन् डॉक्टरीणबाई त्या खोट्यावरच औषध ठरवणार होत्या.

"खोटं बोलते ती," मी म्हटलं. "तीन दिवस पाणी जात होतं. तापही होता. मला सांगितलं होतं तिनं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "वारेला वास होता का?"

"होता. म्हणून तर घाईनं पुरली."

त्या तशाच आत गेल्या आणि नर्सला औषध बदलायला सांगितलं.

आज चौथा दिवस. पोर अजून नळीवरच आहे. जगेल का विचारलं, तर बघू म्हणतात. विहीणबाई माझ्याशी चकार शब्द बोलत नाहीत, ते मी सोसते. मयुरी मात्र बोलते. आई, जेवलीस का, विचारते.