ओसीसाठी एक खार

"श्वास धर. सोडू नकोस," डेल्मर कुजबुजला.

व्हर्लिनने श्वास धरला. ठासणीच्या लांब बंदुकीच्या टोकावरची नेमाची माशी फांदीवरच्या खारीच्या डोक्यावर जरा कुठे स्थिरावली, तोच छातीत खरखर उठली. खोकला सगळ्या दरीत घुमला. हिकरीच्या झाडावरून टपटपणारी, खारीने कुरतडलेली टरफलं एकदम थांबली. खार केव्हाच पसार झाली होती.

"तिसरी," त्याचा मेव्हणा डेल्मर म्हणाला. "केंटकीतल्या एकूणएक खारी तुझा खोकला ओळखतात आता."

"तू बोलूच नकोस. तुझा नेम जन्मात कोठाराच्या भिंतीला तरी लागलाय का?"

व्हर्लिन स्टॅम्परने एकतीस वर्षं खाणीत काढली होती. कोळशाची ती धूळ अजून त्याच्या छातीत होती. एरवी त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण पंधरा दिवसांपासून त्याच्या बायकोने, ओसीने, अन्न सोडलं होतं. पोटातल्या दुखण्यापुढे हात टेकून डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं. आणि काल दुपारी अचानक ती म्हणाली, "खार खावीशी वाटतेय रे. आई करायची तशी, दुधापिठाच्या रश्श्यातली." अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिने तोंड उघडून काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"माझी छऱ्यांची बंदूक आणू का?" डेल्मरने विचारलं. "पाच मिनिटांचं काम."

"आणि छर्रा तिच्या दाताखाली आला तर?"

व्हर्लिनने नळीत दारू ओतली, चिंधीत शिशाची गोळी बसवली आणि गजाने ठासू लागला. आजोबांची बंदूक, हातांना सगळं पाठ होतं. पण गोळी तळाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली आणि तो ओंडक्यावर बसला.

बऱ्याच वेळाने टरफलं पुन्हा पडू लागली. व्हर्लिनने वर पाहिलं. मग बंदूक डेल्मरपुढे धरली.

"घे."

"मी? अरे, वेडा झालास का?"

"बहीण आहे ना तुझी? घे म्हणतो ना."

डेल्मरने बंदूक खांद्याला लावली. व्हर्लिन त्याच्या कानाशी लागून सांगत राहिला, "थोडं खाली. अर्धा श्वास सोड. थांब... आता चाप ओढ."

चकमकीची ठिणगी उडाली, धूर झाला, आणि पाचोळ्यात काहीतरी धप्पकन पडलं.

"लागली! अरे, लागली!" डेल्मर ओरडला.

घरी मांस हाडावरून सुटेस्तोवर व्हर्लिनने ते मंद आचेवर शिजवलं. ओसीला उशांना टेकवून बसवलं.

"कोणी मारली?" तिने विचारलं.

"यानंच," डेल्मर दारातून घाईघाईने म्हणाला.

"नाही गं. तुझ्या भावानं."

"देवा! आणि मी बघायला नव्हते!" ती हसली, पण हसतानाही तिला कळ आली.

व्हर्लिनने चमचा भरवला. तिने घास कितीतरी वेळ तोंडात धरून ठेवला. घसा तो आत घेईना. रस्सा ओठांच्या कडेने ओघळला, तो त्याने तळहाताने पुसला. दुसऱ्या चमच्यालाही तेच. तिसऱ्याला तिने मान फिरवली. डेल्मर बाहेर निघून गेला.

"चव तीच आहे," ती म्हणाली. "आता तू खा."

"मला भूक नाही."

"इथंच बस. मला दिसशील असा."

व्हर्लिनने तिचीच ताटली मांडीवर घेतली आणि तिचाच चमचा. तो एकेक घास चावत राहिला. मध्येच थांबला, की ती डोळ्यांनीच ताटलीकडे खूण करी. त्याने नजर वर केली. त्याच्या प्रत्येक घासाबरोबर ओसीचे ओठही हलत होते, हळूहळू, चावल्यासारखे.