वाढत्या मापाची रायफल

दिगंबर हुपरीकरच्या घरात अंगाला नेमकी बसेल अशी वस्तू सहसा येतच नसे. मुलीला कोट घेतला की बाह्या दोनदा दुमडायच्या, बूट घेतले की पुढे कापूस कोंबायचा. कोल्हापुरात चार भावांतला तिसरा म्हणून वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? अमेरिकेत येऊन सोळा वर्षं झाली होती, कोलोरॅडोतल्या क्रेग गावच्या वीजकेंद्रात तो बॉयलरचा इंजिनियर झाला होता, पण दुकानात शिरला की त्याचा हात आपोआप एक माप मोठ्या खणाकडे जाई.

१९८४च्या उन्हाळ्यात शरयूने, त्याच्या चौदा वर्षांच्या एकुलत्या मुलीने, रायफल मागितली तेव्हाही तेच झालं.

मागणी तशी जुनीच होती. ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीचा हंगाम लागला की क्रेगची शाळा निम्मी ओस पडायची. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगाने घोड्याएवढा. वर्गातली मुलं-मुली आपापल्या बापांबरोबर डोंगरात जायची आणि परत आल्यावर महिनाभर दुसरं काही बोलायची नाहीत. शरयू डबा खायला एकटी बसायची. दोन वर्षं दिगंबर नाही म्हणाला. तिसऱ्या वर्षी त्याला नाही म्हणण्याचाही कंटाळा आला. केंद्रात बॉयलरच्या नळ्या एकामागून एक गळत होत्या, पाळी बारा-बारा तासांची, घरी आलं की बुटाच्या नाड्या सोडायला वाकणंसुद्धा जिवावर यायचं. त्याची बायको मालिनी म्हणाली की पाठवायचं असेल तर तुम्ही स्वतः तिच्यासोबत जायचं, नुसतं हो म्हणून सुटका नाही. तो त्यालाही हो म्हणाला.

शेजारचा अर्ल कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. शरयू त्याला अर्लकाका म्हणे आणि ही काहीतरी भारतातली पदवी असावी अशा समजुतीने तो खूश असे. त्याने दोघांना हंगामात सोबत न्यायचं कबूल केलं. कॅलिबरबद्दल, म्हणजे गोळीच्या मापाबद्दल, त्याचं मत सरळ होतं. मुलीला सेव्हन एमएम-ओ-एट ही हलकी रायफल घ्या, खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड असलेली. गोळी सुटताना बसणारा धक्का बेताचा, आणि ती जागेवर बसली तर एल्कला तेवढी पुष्कळ.

दिगंबरने रविवारी जेवणाच्या टेबलावर तक्ते पसरले. तीनशे यार्डांवर कुठल्या गोळीत किती जोर उरतो, याचे आकडे पेन्सिलीने अधोरेखित केले. तीनशे मॅग्नम नावाची दांडगी रायफल सगळ्यांच्या वर निघाली. म्हणजे आत्ता एल्क, उद्या अस्वल, आणि कॉलेजात गेली तरी दुसरी घ्यायला नको. अर्लने शरयूच्या खांद्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि सांगितलं की ही रायफल माझ्याही खांद्याला भारी पडते. दिगंबरला वाटलं, ऊठसूट नवं घेणाऱ्या या लोकांना काय कळणार! तक्त्यात धक्क्याचाही एक रकाना होता. तो त्याने वाचला नाही असं नाही. वाचला, तरी मॅग्नमच घेतली आणि म्हणाला, "वाढेल की ती. तोवर सवय होईल."

सप्टेंबरभर दर शनिवारी गावाबाहेरच्या माळावर सराव चालला. दिगंबर खुर्ची टाकून बसे आणि शेजारच्या पेटीतली वीस काडतुसं संपेपर्यंत पेंगत राही. पहिल्या शनिवारी शरयूच्या गोळ्या ताटलीएवढ्या जागेत पडल्या. दुसऱ्या शनिवारी परातीएवढ्या. चौथ्या शनिवारी कागदाबाहेर. दुखतंय का, असं त्याने एकदा विचारलं होतं. "आय ॲम फाइन, बाबा," ती म्हणाली, आणि त्याला तेवढंच हवं होतं. मग त्याने तिला एकाग्रतेवर लांबलचक व्याख्यान दिलं. अभ्यासात कसं नीट लक्ष असतं, मग इथेच काय होतं? ती खाली बघून पुढचं काडतूस भरत राहिली. तिच्या टीशर्टच्या गळ्यापाशी पिवळा डाग होता. व्हॉलीबॉल खेळताना पडली म्हणून मालिनी तिला आंबेहळद लावत होती, एवढं त्याच्या कानावर आलं होतं.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते तिघे एका ओढ्याच्या वर झाडीत बसले होते. दिगंबर आदल्या दिवशीची पाळी करून तीन तास झोपला होता. पाय गारठून लाकूड झाले होते. अर्लने हळूच बोट दाखवलं. समोरच्या उतारावर एल्कची एक मादी एकटीच चरत होती, दीडशे यार्डांवर, आडवी उभी. शरयूने दस्ता खांद्याला लावला. दिगंबरने कानांवर हात ठेवले आणि वाट पाहिली. मादीने मान वर केली, पुन्हा खाली घातली, दोन पावलं चालली. शेवटी ती सावकाश झाडीत शिरली आणि दिसेनाशी झाली. शरयूने रायफल मांडीवर उतरवली.

दिगंबरच्या डोक्यात तिडीक गेली. रजा मिळवायला साहेबाच्या किती विनवण्या केल्या, पहाटे तीनला उठलो, आणि ही नुसती बघत बसली. तसं तो बोललाही.

ट्रकपाशी परत आल्यावर अर्लने रायफल मागून घेतली, पाठ वळवून खटका मागे-पुढे केला आणि तिच्या हातात परत दिली. त्या वठलेल्या बुंध्यावर एक गोळी मार, तो म्हणाला. शरयूने नेम धरला, चाप ओढला. नुसतं टक् झालं. आत काडतूस नव्हतंच.

पण शरयूचे डोळे गच्च मिटले होते, खांदा मागे खेचला गेला होता आणि नळीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही पोरगी मार चुकवावा तशी अंग चोरून उभी होती. मोकळी रायफल धरून.

अर्ल थर्मासमधली कॉफी ओतायच्या निमित्ताने पलीकडे गेला.

"दाखव खांदा," दिगंबर म्हणाला.

तिने नारिंगी जाकीट उतरवलं, शर्टाची कॉलर ओढली. काखेपासून गळ्याच्या हाडापर्यंत काळंनिळं पडलेलं, कडेला जुनं हिरवट, त्यावर आंबेहळदीचे पापुद्रे.

"व्हॉलीबॉल," तो म्हणाला.

"आय लाइड टू आई."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात मी वाढेन," शरयू म्हणाली. "आय वॉज ट्रायिंग, बाबा. आणि आज ती इतकी जवळ होती. माझे डोळे मिटले असते, गोळी पोटात लागली असती. शी वुड हॅव वॉक्ड अवे विथ इट. म्हणून नाही मारली."

दिगंबरला लाज वाटली. थकवा त्याच्या ओळखीचा होता, वर्षानुवर्षं अंगात मुरलेला. त्याच्या आड बसलं की काही बघावं लागत नाही, हे त्याला मनातून ठाऊक होतं. सहा हात अंतरावर खुर्ची टाकून तो पेंगत बसला होता.

त्याने तिच्या हातून रायफल घेतली आणि अर्लकडे काडतुसं मागितली. ही रायफल त्याने आजवर एकदाही चालवली नव्हती. पहिल्या गोळीला कोणी हातोडा घातल्यासारखं वाटलं. दुसरीला दात वाजले. तिसरी त्याने खांदा चोळून मग मारली. चौथी त्याच्याने भरवली नाही. शरयूने दर शनिवारी वीस मारल्या होत्या.

"बास, बाबा," ती म्हणाली. त्याने रायफल अर्लच्या हाती दिली आणि ट्रकच्या पायरीवर बसून राहिला.

हंगामाचे तीन दिवस उरले होते. दुपारी ते तसेच, चिखलाच्या बुटांनी, गावातल्या दुकानात गेले. दुकानदाराने मॅग्नम बदल्यात घेतली आणि सेव्हन एमएम-ओ-एट काढली. शरयूचा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजून दस्त्यावर खूण केली. एवढा कापला की तासाभरात तयार, तो म्हणाला. करवत लावण्याआधी शरयूने बापाकडे पाहिलं.

"पण कापला की नेक्स्ट इयर मला लहान होईल ना?"

सवयीने दिगंबरच्या तोंडाशी आलं होतं, की थोडा कमीच कापा, राहू द्या जरासा.

"होऊ दे," तो म्हणाला. "कापा हो."

तासाभराने दुकानदाराने रायफल पुढे केली तेव्हा दिगंबरने ती घ्यायला उजवा हात उचलला. हात खांद्याच्या वर जाईना. शरयूने हसू दाबलं, पुढे होऊन रायफल स्वतःच उचलली आणि दस्ता अलगद खांद्याला लावून पाहिला. तिच्या दुमडलेल्या बाह्या मध्ये येत होत्या. दिगंबरने त्या बाह्यांकडे पाहिलं, मग तिच्या कापूस कोंबलेल्या बुटांकडे.

"चल," तो म्हणाला. "बूटपण घेऊन टाकू. तुझ्या मापाचे."