लाडावलेले जंतू

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत, कारण आपल्या जंतूंवर ती पोटच्या पोरांसारखी माया करी. सकाळी उबेचं कपाट उघडलं की आधी "कसे आहात रे?" असं विचारी, मगच अंगात कोट घाली. त्या दिवशी मात्र तिने आधी जंतूंना उचलून उजेडात धरलं. काचेच्या तबकडीत मधोमध पुन्हा तोच ठिपका. गुबगुबीत, आणि जागच्या जागी.

"ढिम्म!" शेजारच्या टेबलावरून दाढीवाला डोकावला. "मावशी, तुझी भाचरं आळशी निघाली गं."

"तू तुझी दाढी सांभाळ, नळीत बुडेल."

ती हसली खरी, पण वेळ थोडाच उरला होता. तिच्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, या आठवड्यात कडं दिसलं नाही तर विषय बंद. जंतू शीतपेटीत आणि तिला दुसरं काम.

आता हे कडं म्हणजे काय, तर ऐका. जंतूला ना डोळे, ना नाक. अंगावरच्या प्रथिनांनी तो आजूबाजूची चव घेतो. थोडं सरळ पोहतो, गिरकी घेतो, नव्या दिशेने पुन्हा पोहतो. चव वाढत असेल तर गिरकी पुढे ढकलतो. पण आत्ताची चव मघापेक्षा जास्त आहे हे कळायला मघाची आठवण नको? ती आठवण म्हणजे त्या प्रथिनांना चिकटणाऱ्या, मिथाइल नावाच्या रसायनाच्या बारीक बारीक टिकल्या. एक चव अंगवळणी पडली की टिकल्या वाढतात आणि तो जीव पुढच्या चवीसाठी पुन्हा ताजा होतो. विधात्याने एवढ्याशा देहात केवढी सोय करून ठेवली आहे!

मावशीच्या जंतूंकडे या टिकल्या लावणारा कारागीर, म्हणजे एक विकर, नव्हताच. ते बिचारे गिरकी विसरून नाकासमोर धावत आणि तबकडीतल्या मऊ जेलीच्या जाळीत अडकून बसत. तो कारागीर तिने त्याचं जनुक घालून त्यांना परत मिळवून दिला होता. आता त्यांनी मधलं अन्न संपवत, पुढची चव शोधत, कड्यासारखं बाहेर पसरायला हवं होतं. पसरत होते फक्त दुसऱ्या तबकडीतले धडधाकट जंतू.

बाई आल्या, स्टूल ओढून बसल्या. "जेली कशी केलीस ते सांग. नव्या सुनेला स्वयंपाक शिकवल्यासारखं, काही गाळू नकोस."

"प्रथिनांचा अर्क, मीठ, घट्ट करायची पूड अगदी चिमूटभर, आणि वरून थोडं ग्लुकोज..."

"ग्लुकोज? ते कशाला?"

"अशक्त आहेत ना हो बाई. म्हटलं, जरा अंग धरतील."

"आणि धडधाकटांना?"

"त्यांना नाही घातलं. त्यांना काय धाड भर..." मावशीने तोंडावर हात ठेवला. आयती साखर मिळाली की हे जंतू पोहायच्या शेपट्या बनवायचंच सोडून देतात, हे दरवर्षी नव्या मुलांना तीच तर शिकवायची!

बाईंना इतकं हसू लोटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, कडेवरून खाली उतरवत नाहीस, आणि वर म्हणतेस पोर चालत का नाही!"

"मावशी कसली, आजी आहेस तू त्यांची," दाढीवाला म्हणाला.

तिने लगेच नवी जेली केली. साखरेच्या बाटलीकडे एकदा हात गेलाच, पण मागे घेतला. आजारी, बरे केलेले आणि धडधाकट, तिघांनाही एकाच भांड्यातलं वाढलं आणि दिवसभर कपाटाभोवती घुटमळत राहिली.

संध्याकाळी तिने दार उघडलं. आजाऱ्यांचा ठिपका. धडधाकटांचं ऐसपैस कडं. आणि बरे केलेल्यांचं? किंचित लहान, एका बाजूला थोडं पुसट, पण कडंच!

बाईंनी खाली वाकून, वर धरून, पुन्हा वाकून पाहिलं. "विषय चालू ठेव," एवढंच म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर धपका घातला.

दाढीवाल्याने हाका मारून अख्खा मजला गोळा केला. तबकडी या हातातून त्या हातात फिरू लागली, जो तो वाहवा करू लागला, आणि मावशी मागे मागे धावत ओरडत होती, "अरे, सपाट धरा! जेली घसरेल मेल्यांनो, सपाट धरा!"